रेग्युलेटरचा इव्हॅल्युएशन बोर्ड तपासताना टेबलावरची मांडणी कशी असावी?

प्रश्न विचारणारे तरुण अभियंते हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात नुकतेच रुजू झाले आहेत. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या, ३ अँपिअर क्षमतेच्या बक रेग्युलेटरचे (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचे) दोन इव्हॅल्युएशन बोर्ड, म्हणजे आयसी तपासून पाहण्यासाठीचे तयार बोर्ड, त्यांच्या हाती आले. पहिल्या बोर्डावर इलेक्ट्रॉनिक लोडने (हवा तेवढा करंट ओढणाऱ्या उपकरणाने) ३ अँपिअर ओढले की आउटपुट ४.७० व्होल्टपर्यंत उतरते आणि कार्यक्षमता ८३ टक्के येते. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत ती ८९ टक्के दिली आहे. स्कोपवर १५० मिलिव्होल्ट रिपल, म्हणजे आउटपुटवरची वरखाली होणारी लाट, दिसतो, पुस्तिकेत तो २० मिलिव्होल्टच्या आत आहे. दुसऱ्या बोर्डाची इनपुट मर्यादा २८ व्होल्ट असूनही २४ व्होल्टचा सप्लाय जोडताक्षणीच तो जळाला. बोर्ड सदोष आले का, आणि तपासणीची मांडणी नेमकी कशी करावी, असे ते विचारतात.

तुम्ही आकडे नेमके लिहिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते दोन्ही बोर्ड चांगलेच आले होते. पहिला अजूनही चांगला आहे आणि दुसरा तुमच्या टेबलावरच्या वायरींमुळे गेला. पॉवर सप्लायची रचना आणि तपासणी हेच काम मी नागपुरात गेली बावीस वर्षे करत आहे, आणि नव्या माणसाच्या हाती पहिला इव्हॅल्युएशन बोर्ड आला की जवळपास याच तक्रारी याच क्रमाने ऐकायला मिळतात. म्हणून बोर्ड चांगला की वाईट हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि त्याच्या आधीचा प्रश्न विचारू: तुम्ही लिहिलेला प्रत्येक आकडा बोर्डावरच्या कोणत्या दोन बिंदूंमधला आहे? ४.७० व्होल्ट हा आकडा तुम्ही लोडच्या पडद्यावरून घेतला आहे, १२.०० व्होल्ट सप्लायच्या पडद्यावरून. म्हणजे बोर्डावरून घेतलेला आकडा यात एकही नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या टेबलाचे छायाचित्र माझ्यासमोर नाही. तुमच्या वर्णनावरून मी असे धरतो की वायरी सुमारे मीटरभर लांबीच्या, ०.५ चौरस मिलिमीटरच्या आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या आहेत, तसेच प्रोबला त्याच्यासोबत येते तीच लांब ग्राउंड वायर आहे. तुम्ही दिलेल्या माहितीनुसार बोर्डाची फ्रिक्वेन्सी ५०० किलोहर्ट्झ, इंडक्टर ६.८ मायक्रोहेन्रीचा आणि आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर आहेत. यातले काही वेगळे असेल तर खालचे आकडे बदलतील, विचार करण्याची पद्धत मात्र तीच राहील.

वायर जोडण्याआधी बोर्डाचे सर्किट कागदावर छापून समोर ठेवा. एनेबलचा (बोर्ड चालू-बंद करणारा) जंपर कुठे आहे, हलक्या लोडवर बोर्ड पल्स गाळतो की सतत स्विच करत राहतो हे ठरवणारा जंपर कुठे आहे, आणि आउटपुट व्होल्टेज निवडणारा जंपर बोर्डावर असल्यास तो कशावर आहे, हे पेन्सिलीने नोंदवून घ्या. पल्स गाळण्याच्या पद्धतीत हलक्या लोडवर रिपल मोठा आणि संथ दिसतो, तो दोष नव्हे. या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि ती न दिल्यामुळे अख्खी दुपार वाया गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आता वायरींकडे येऊ, कारण तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ तिथेच आहे. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ३५ मिलिओहम असतो. जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी मिळून ७० मिलिओहम झाले. क्रोकोडाइल क्लिपच्या प्रत्येक चाव्याला पाच-सहा मिलिओहम सहज लागतात, आणि क्लिप जुनी किंवा गंजलेली असेल तर त्याहून बरेच जास्त. असे चार चावे धरले तर एकूण नव्वदच्या थोडे वर जाते. ३ अँपिअर गुणिले ९३ मिलिओहम म्हणजे ०.२८ व्होल्ट. बोर्ड आपल्या टर्मिनलवर ४.९८ व्होल्ट व्यवस्थित देत असेल तर लोडच्या पडद्यावर ४.७० दिसणारच. रेग्युलेटर त्याच्या फीडबॅकच्या बिंदूवर, म्हणजे जिथून तो आउटपुट पाहतो तिथे, व्होल्टेज धरून ठेवतो. त्याच्या पलीकडे तुम्ही किती लांब वायर लावली, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नाही.

याचा पडताळा लगेच घेता येतो. लोड ३ अँपिअरवर असताना मल्टीमीटरचे एक टोक बोर्डाच्या पॉझिटिव्ह आउटपुट टर्मिनलवर आणि दुसरे लोडच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवा. दोन्ही बिंदू एकाच तारेची दोन टोके आहेत, तरीही मीटर १३० ते १४० मिलिव्होल्ट दाखवील. तेवढेच निगेटिव्ह बाजूला सापडेल. हरवलेले व्होल्टेज डोळ्यांसमोर मोजून मिळाले की बोर्डावरचा संशय आपोआप जातो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला किंवा मुलीला पहिल्याच दिवशी मी हे मोजायला लावतो, आणि वायर हाही सर्किटचा एक घटक आहे ही गोष्ट मग त्यांना पुन्हा सांगावी लागत नाही.

उपाय असा की करंट नेणाऱ्या वायरी वेगळ्या ठेवायच्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या वायरी वेगळ्या. इव्हॅल्युएशन बोर्डावर जाड टर्मिनलांखेरीज इनपुट आणि आउटपुटच्या कपॅसिटरांजवळ लहान टेस्ट पॉइंट दिलेले असतात, ते याच कामासाठी. मोजणाऱ्या वायरींमधून नाममात्र करंट जातो, त्यामुळे त्यांच्यात व्होल्टेज पडत नाही. टेस्ट पॉइंट नसतील तर कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना बारीक वायरी सोल्डर करा आणि त्या कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने बोर्डाला चिकटवून टाका, म्हणजे ओढ बसून पॅड उखडणार नाही. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक लोडांना सेन्सचे वेगळे टर्मिनल असतात. तेथून बोर्डापर्यंत दोन बारीक वायरी आणून रिमोट सेन्स चालू केले की पडद्यावर बोर्डाचेच व्होल्टेज दिसू लागते. करंटसाठी १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची, घराच्या वायरिंगला वापरतात ती लवचिक वायर घ्या. ती नागपूरच्या बर्डीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तिची लांबी हातभरापेक्षा जास्त ठेवू नका, टोकांना क्लिपऐवजी रिंग लग दाबून घ्या आणि जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन ठेवा.

आता तुमची कार्यक्षमता पुन्हा काढू. तुम्ही १२.०० व्होल्ट गुणिले १.४१ अँपिअर असे १६.९ वॅट इनपुट धरले आणि ४.७० गुणिले ३ असे १४.१ वॅट आउटपुट, त्यामुळे ८३ टक्के आले. इनपुटच्या वायरींचा रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला तर बोर्डाच्या इनपुटला प्रत्यक्षात ११.८६ व्होल्ट पोहोचतात, म्हणजे १६.७ वॅट. आउटपुट टर्मिनलवर ४.९८ गुणिले ३, म्हणजे १४.९ वॅट. भागाकार करून पाहा, ८९ टक्के येतात. पुस्तिका खरे सांगत होती. मधले सहा टक्के तुमच्या वायरी तापवण्यात गेले. करंट मोजण्यासाठी मल्टीमीटर मालिकेत लावणार असाल तर १० अँपिअरच्या खाचेतच लावा आणि व्होल्टेज मीटरच्या पुढे, बोर्डाच्या बाजूला मोजा. मिलिअँपिअरच्या खाचेचा आतला रेझिस्टन्स बराच जास्त असतो आणि तिचा फ्यूजही अशा करंटला तत्काळ जातो. मी स्वतः १० मिलिओहमचा, चार टोकांचा, एक टक्का अचूकतेचा शंट, म्हणजे करंट मोजण्याचा रेझिस्टर, वापरतो. १.४१ अँपिअरला त्यावर १४.१ मिलिव्होल्ट मिळतात, आणि मीटर मालिकेत घालण्या-काढण्याची खटपट उरत नाही.

दुसऱ्या बोर्डाविषयी मला जास्त सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यात तुमचे नुकसान झाले आहे आणि कारण माहीत नसेल तर ते पुन्हा होईल. मीटरभर लांब वायरींच्या जोडीचे इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरा. बोर्डाच्या इनपुटला साधारण १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असतो आणि त्याचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो. चालू असलेल्या २४ व्होल्टच्या सप्लायची क्लिप तुम्ही बोर्डाला लावता तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे वायरीतून मोठा करंट धावतो. कपॅसिटर २४ व्होल्टला पोहोचतो त्या क्षणी वायरीच्या इंडक्टन्समध्ये करंट शिल्लक असतोच आणि तो थांबायला तयार नसतो, म्हणून व्होल्टेज पुढे चढत राहते. भरधाव एसटीने ब्रेक दाबला तरी थांब्याच्या पुढे जाऊन उभे राहावे, तसेच हे आहे. हा हेलकावा रोखणारा रेझिस्टन्स नसेल तर व्होल्टेज जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकते. शिवाय सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता व्होल्टेजबरोबर घटत असल्यामुळे शिखर आणखी वर सरकते. २८ व्होल्टची आयसी ४० व्होल्टला टिकावी अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. एका ग्राहकाच्या कामासाठी आणलेल्या चार बोर्डांपैकी तीन बोर्ड एकाच संध्याकाळी गेले, आणि प्रत्येक वेळी मीटरवर सप्लाय २४.० व्होल्टच दाखवत होता. मीटर सेकंदाला दोन-तीनदा वाचन करतो. काही मायक्रोसेकंद टिकणारे शिखर त्याला दिसणार कसे? चौथा बोर्ड लावण्याआधी स्कोप सिंगल ट्रिगरवर ठेवला, ट्रिगरची पातळी ३० व्होल्टला नेली आणि बोर्डाऐवजी नुसता १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर त्याच वायरींना लावला. पडद्यावर ४१ व्होल्टचे टोक स्थिर होऊन राहिले. त्या दिवसापासून चालू सप्लायची क्लिप मी बोर्डाला कधीही लावलेली नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकदम वापरतो. पहिला म्हणजे जोडणी नेहमी सप्लायचे आउटपुट बंद ठेवून करावी, सर्व वायरी घट्ट आहेत हे पाहावे आणि मगच आउटपुटचे बटण दाबावे. दुसरा, बोर्डाच्या इनपुट टर्मिनलवरच १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावावा. इथे महागडा, अतिशय कमी अंतर्गत रेझिस्टन्सचा कपॅसिटर नको. एक मायक्रोहेन्री भागिले दहा मायक्रोफॅरड यांचे वर्गमूळ ०.३ ओहमच्या आसपास येते, आणि हेलकावा जिरवायला त्याच्या जवळपासचा रेझिस्टन्स हवा असतो. साध्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये तो जन्मजातच असतो, म्हणून त्याचा अवगुण इथे गुण ठरतो. त्याची क्षमता सिरॅमिकच्या निदान चार-पाच पट असावी. काही इव्हॅल्युएशन बोर्डांवर असा कपॅसिटर आधीच बसवलेला असतो, मात्र सर्किटमध्ये तो दिसला म्हणून प्रत्यक्ष बोर्डावरही आहे असे समजू नका. पुष्कळदा त्याची जागा रिकामी सोडलेली असते.

याच कपॅसिटरचा आणखी एक उपयोग आहे. ७८०५ सारखा लिनिअर रेग्युलेटर इनपुट कमी झाले तरी तेवढाच करंट ओढतो आणि उरलेली शक्ती उष्णतेत घालवतो. १२ चे ५ करताना १ अँपिअरला ७ वॅट असे जातात. स्विचिंग रेग्युलेटर तसा नाही. त्याला आउटपुटची शक्ती भरून काढायची असल्यामुळे इनपुट व्होल्टेज घटले की तो जास्त करंट मागतो. तुमच्या बोर्डाला पूर्ण लोडवर १२ व्होल्टला १.४ अँपिअर लागतात, तर ६ व्होल्टला २.८ लागतील. आता समजा सप्लायची करंट लिमिट तुम्ही २ अँपिअरवर ठेवली आहे आणि लोड लावलेलाच ठेवून नॉब फिरवत व्होल्टेज शून्यापासून वर नेत आहात. बोर्ड ५-६ व्होल्टच्या सुमारास जागा होतो, २.८ अँपिअर मागतो, सप्लाय लिमिटमध्ये जातो, व्होल्टेज कोसळते, बोर्ड बंद पडतो, व्होल्टेज पुन्हा चढते. अशा वेळी बोर्डातून बारीक टिकटिक ऐकू येते आणि नवख्या माणसाला वाटते की आयसी गेली.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. लोड बंद, सप्लाय १२ व्होल्टला, करंट लिमिट ०.२ अँपिअर, आणि मग आउटपुट चालू. लोडशिवाय बोर्डाने काही मिलिअँपिअर ते फार तर काही दहा मिलिअँपिअर घ्यावेत. सप्लाय लिमिटमध्ये गेला तर तिथेच थांबून शॉर्ट शोधायचा. सगळे ठीक असेल तर आउटपुटचे व्होल्टेज टेस्ट पॉइंटवर पाहायचे, करंट लिमिट अडीच अँपिअरला न्यायची आणि त्यानंतर लोड ०.५ अँपिअरने वाढवत जायचा. इलेक्ट्रॉनिक लोड स्थिर करंटच्या पद्धतीत असेल तर बोर्ड सुरू होण्याआधी तो कधीही चालू ठेवू नका. आउटपुट अर्ध्या व्होल्टवर असतानाच तो ३ अँपिअर मागू लागतो आणि काही रेग्युलेटर अशा ओढीत सुरूच होत नाहीत. इलेक्ट्रॉनिक लोड नसलेल्यांसाठी सांगतो, ५ ओहम, १० वॅटचे तीन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडले की ५ व्होल्टला ३ अँपिअरचा उत्तम लोड तयार होतो. प्रत्येकात ५ वॅट जिरतात, ते चांगलेच तापतात, म्हणून ते टेबलाच्या सनमायकावर न ठेवता फरशीच्या तुकड्यावर ठेवा. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती मात्र टाळा. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्या फिलामेंटच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका असतो, त्यामुळे बल्ब लागताच बोर्ड ओव्हरकरंटमध्ये जाऊ शकतो.

इथपर्यंत व्होल्टेज, कार्यक्षमता आणि जळालेला बोर्ड यांचा उलगडा झाला. राहिला तुमचा १५० मिलिव्होल्टचा रिपल.

आधी हा बोर्ड किती रिपल देऊ शकतो ते कागदावर काढू. १२ चे ५ करताना ड्यूटी, म्हणजे प्रत्येक चक्रात स्विच चालू राहण्याचा हिस्सा, ०.४२ येते. इंडक्टरमधला करंटचा चढउतार म्हणजे ५ गुणिले ०.५८ भागिले ५०० किलोहर्ट्झ आणि ६.८ मायक्रोहेन्री यांचा गुणाकार, म्हणजे साधारण ०.८६ अँपिअर. आउटपुटला नावापुरते ४४ मायक्रोफॅरड आहेत, पण लहान आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरवर ५ व्होल्ट पडले की त्याची क्षमता निम्म्याहून कमी होणे अगदी शक्य आहे, म्हणून २० धरू. ०.८६ ला ८ गुणिले ५०० किलोहर्ट्झ गुणिले २० मायक्रोफॅरड यांनी भागले की ११ मिलिव्होल्टच्या आसपास उत्तर येते. पुस्तिकेतला २० मिलिव्होल्टच्या आतला आकडा या हिशेबाशी जुळतो. १५० मिलिव्होल्ट कशाशीच जुळत नाहीत. हिशेब आणि मोजणी यांच्यात दहापटीपेक्षा जास्त अंतर असेल तेव्हा मी आधी मोजणीवर संशय घेतो.

हा संशय खरा की खोटा, ते एका मिनिटात कळते. बोर्ड पूर्ण लोडवर चालू ठेवा. प्रोबची ग्राउंड क्लिप आउटपुटच्या ग्राउंडला लावलेली असू द्या आणि प्रोबचे टोकही त्याच ग्राउंडच्या बिंदूवर टेकवा. दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, म्हणजे पडद्यावर सरळ रेष यायला हवी. तरीही तुम्हाला दर दोन मायक्रोसेकंदांनी उभी टोके दिसतील, आणि ती जवळपास तुमच्या १५० मिलिव्होल्टइतकीच असतील असा माझा अंदाज आहे. प्रोबची जागा न हलवता ग्राउंडच्या वायरीचा वेढा बोटाने इंडक्टरजवळ सरकवा, टोके वाढतील. दूर न्या, कमी होतील. १५ सेंटिमीटरची ती वायर आणि प्रोब यांच्यामध्ये तयार झालेला वेढा अँटेनाचे काम करत असतो. स्विच होणाऱ्या नोडचे, म्हणजे इंडक्टरच्या स्विचकडच्या टोकाचे, व्होल्टेज काही नॅनोसेकंदांत १२ व्होल्ट चढते-उतरते, आणि त्या झटक्यांचे चुंबकीय क्षेत्र हा वेढा पकडतो.

म्हणून लांब ग्राउंड वायर काढून टाका. प्रोबची वरची टोपीही काढा, आत पितळी नळी आणि मधोमध सुईसारखे टोक दिसेल. प्रोबसोबतच्या पिशवीत एक छोटी स्प्रिंग असते, ती बहुतेक लोक उघडूनही पाहत नाहीत. ती त्या नळीवर चढवा. स्प्रिंग हरवली असेल तर एखाद्या रेझिस्टरच्या पायाचा कापलेला तुकडा नळीभोवती दोन वेढे घट्ट गुंडाळून त्याचे टोक सुईशेजारी आणा. सुई आउटपुट कपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकावर आणि स्प्रिंग त्याच कपॅसिटरच्या ग्राउंडच्या टोकावर टेकवा. स्कोप एसी कपलिंगवर घ्या, बँडविड्थची मर्यादा २० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि प्रोबच्या दहापटीची नोंद स्कोपमध्येही बरोबर आहे ना, ते पाहून घ्या. आता त्रिकोणी किंवा किंचित गोलसर, १०-१५ मिलिव्होल्टची लाट दिसायला हवी. वारंवार मोजायचे असेल तर कपॅसिटरवर बारीक कोॲक्सिअल केबलचा तुकडा कायमचा सोल्डर करून घेणे हाताला जास्त सोयीचे पडते.

मात्र २० मेगाहर्ट्झची मर्यादा लावून मिळालेल्या आकड्यावर कायमचे समाधान मानू नका. पुस्तिकेतले आकडे बहुतेक वेळा त्याच मर्यादेत घेतलेले असतात, म्हणून तुलनेसाठी ती हवी. तुमच्या उत्पादनात या ५ व्होल्टवर साधा मायक्रोकंट्रोलर चालणार असेल तर तेवढे पुरे. पण संवेदनशील एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) किंवा रेडिओ मॉड्यूल असेल, तर स्प्रिंग तशीच ठेवून पूर्ण बँडविड्थवरही एकदा पाहा, कारण तिथे दिसणारी अरुंद टोके खरी असतात आणि ती त्या सर्किटपर्यंत पोहोचतात.

स्कोपबद्दल सुरक्षिततेची एक गोष्ट बजावून सांगतो. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती इंडक्टरच्या स्विच होणाऱ्या टोकाला लावली आणि सप्लायचा निगेटिव्हही अर्थला जोडलेला असला तर सरळ शॉर्ट होतो. यावर तोडगा म्हणून स्कोपच्या प्लगची तिसरी पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नका, स्कोपचा धातूचा भाग त्यामुळे जिवंत होऊ शकतो. दोन प्रोब लावून गणिती वजाबाकी करा किंवा डिफरन्शियल प्रोब वापरा. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून मार्चपासूनच अर्थपिटात नियमित पाणी टाकायला कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवा. त्याच कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युतही जास्त साठते, तेव्हा बोर्ड पिशवीतून काढण्याआधी मनगटपट्टा बांधा.

शेवटी उष्णतेविषयी, कारण नागपुरात ती बाजूला ठेवून चालत नाही. तुमच्या बोर्डावर पूर्ण लोडला सुमारे १.८ वॅट वाया जातात. त्यातले १.२ वॅट आयसीत आणि उरलेले इंडक्टर वगैरेंत जातात असे समजा. बोर्डाच्या तांब्यासकट आयसीचा थर्मल रेझिस्टन्स वॅटला ३५ अंश धरला, तर आयसी आजूबाजूच्या हवेपेक्षा ४२ अंशांनी तापेल. पुस्तिकेतला आलेख २५ अंशांच्या खोलीत काढलेला असतो, तिथे आत ६७ अंश होतील. नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये ४६ अंश असतील तर ८८. आणि तुमचे उत्पादन बंद डब्यात उन्हात बसणार असेल, डब्यातली हवा ६५ झाली, तर १०७. पुष्कळशा आयसींची मर्यादा १२५ किंवा १५० अंश असते, म्हणजे काम भागेल, पण हाताशी किती शिल्लक उरते ते माहीत असायला हवे.

इथे एक खास आपल्याकडची चूक होते. एकदा मे महिन्यात आयसीच्या पाठीवर मला ५८ अंश मिळाले आणि मी ते वहीत लिहूनही टाकले. दुपारी वीज गेली, ती परत आली तेव्हा बेंच चालू केला, पण कूलर बंदच राहिला होता. तोच बोर्ड, तोच लोड, आणि अर्ध्या तासात तापमान ७९ वर गेले. खिडकीतल्या कूलरची थंड, ओली हवा सकाळभर थेट टेबलावर येत होती आणि मी कूलरच्या ताट्यांची क्षमता मोजत होतो. आता मी बोर्डावर मोठे पुठ्ठ्याचे खोके उपडे ठेवतो. स्थिर हवेतल्या थर्मल मोजणीच्या जेडेक (सेमीकंडक्टर उद्योगाची मानक संस्था) मानकातही सुमारे एक घनफुटाची पेटी वापरतात, म्हणून साधारण तेवढ्या मापाचे खोके घ्या. खोक्यातल्या हवेचे तापमान मोजायला एक थर्मोकपल आणि आयसीवर दुसरे, बारीक वायरीचे, कॅप्टॉन टेपने घट्ट दाबून बसवा. निदान अर्धा तास थांबा आणि आकडा सरकायचा थांबला की मगच लिहा. इन्फ्रारेड गनवर या कामासाठी विसंबू नका. बारास एक गुणोत्तराची गन ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचे वर्तुळ पाहते, आयसी तर पाच मिलिमीटरची असते, आणि चकचकीत सोल्डर व तांबे तिला प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतात.

लोड अचानक बदलल्यावर आउटपुट कसे सावरते, ही तपासणी सध्या करू नका. लांब वायरींच्या इंडक्टन्समुळे करंटची चढणच मंद होते आणि जे दिसते त्याचा अर्थ लावता येत नाही. आधी वायरी आखूड होऊ द्या.

पहिल्या बोर्डावर तुम्ही एवढे करा. इनपुट टर्मिनलवर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवा, व्होल्टेज मोजण्याच्या वायरी टेस्ट पॉइंटवर न्या, आणि ०.५, १.५ व ३ अँपिअरला इनपुट-आउटपुटचे चारही आकडे एकाच वेळी लिहून घ्या. रिपलची दोन छायाचित्रे काढा, एक स्प्रिंग लावून आउटपुट कपॅसिटरवरचे आणि दुसरे सुई व स्प्रिंग दोन्ही ग्राउंडवर टेकवून घेतलेले. टेस्ट पॉइंटवर ३ अँपिअरला आउटपुट ४.९ व्होल्टच्या खाली आले, किंवा स्प्रिंग लावूनही रिपल ३० मिलिव्होल्टच्या वर राहिला, तर ते आकडे मला पाठवा. मग बोर्डातच काही बिघाड आहे असे धरून फीडबॅकच्या रेझिस्टरांपासून आपण एकेक भाग तपासत जाऊ.